निरोपाची कविता: शोकप्रसंगी वाचायच्या काव्याच्या निवडीविषयी

मराठी समाजात माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत शब्दांची वानवा कधीच नव्हती. वारकरी घरातली अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या साथीने आणि अभंगांच्या गजरात निघते; सुतकाच्या दिवसांत कुठे गरुडपुराण लावले जाते, तर कुठे गीतेचा पंधरावा अध्याय म्हटला जातो; ग्रामीण भागात दशक्रिया विधीच्या पत्रिकेवर ह.भ.प. महाराजांच्या प्रवचनाची वेळ छापलेली असते, आणि सरण पेटल्यावर स्मशानभूमीतच गावातली जाणती माणसे उभ्याउभ्या श्रद्धांजलीचे चार शब्द बोलतात. हे सारे शब्द परंपरेने आधीच ठरवून ठेवलेले असल्यामुळे ते निवडण्याचा भार शोकाकुल घरावर पडत नाही. बोलणारेही बहुधा बाहेरचे असतात, भटजी, कीर्तनकार किंवा गावपुढारी. शोकसभेत मात्र चित्र बदलते. शोकसभा म्हणजे धार्मिक विधीपासून वेगळी, सभागृहात किंवा घरी भरणारी आणि आप्त, स्नेही, सहकारी यांनी मृताविषयी बोलण्याची बैठक. तिचा क्रम घरच्यांनीच ठरवायचा असतो, आणि तिथे एखादी कविता वाचायची ठरली तर ती कोणती, हा प्रश्नही घरच्यांपुढेच येतो.

ही निवड बहुतेक वेळा घाईत होते. सभागृह मिळालेले असते, फोटो फ्रेम करून आणलेला असतो, कोणी कोणी बोलायचे ते ठरलेले असते, आणि अखेरच्या क्षणी कोणीतरी कवितेचे सुचवतो. मग जी सर्वांच्या कानावरून गेलेली असते ती, किंवा मोबाइलवर नुकतीच फिरून आलेली असते ती, असा मार्ग काढला जातो. कविता प्रसिद्ध आहे, सुंदर आहे किंवा तिचा विषय मृत्यू आहे, एवढ्यावर ती योग्य मानली जाते. परंतु हे तिन्ही निकष एकत्र केले तरी पुरे पडत नाहीत. कवितेत कोण बोलत आहे, तो कोणाशी बोलत आहे आणि ते बोलणे कोणत्या वेळी ऐकले जाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे जिथे त्या घराच्या परिस्थितीशी जुळतात, ती कविता त्या प्रसंगी अर्थपूर्ण ठरते, ही या विवेचनाची मुख्य भूमिका आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने शोकाचा विचार करुण रसाच्या अंगाने केला. स्थायीभाव म्हणजे मनात मुळातच वास करणारी आणि काव्याने जागी होणारी भावना. शोक हा करुण रसाचा स्थायीभाव होय. दुसऱ्याचे दुःख काव्यात अनुभवताना आस्वाद कसा शक्य होतो, याचे उत्तर देताना भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. व्यक्ती, स्थळ आणि काळ यांची बंधने गळून पडल्यामुळे काव्यातला शोक कोणा एकाचा राहत नाही आणि म्हणून तो सर्वांना अनुभवता येतो, असे तिचे सार सांगता येईल. शोकसभेत अडचण येते ती नेमकी इथे. पुढच्या रांगेत बसलेल्या माणसांचे दुःख अजून नावगावासह ताजे असते. ते सर्वांचे व्हावे अशी त्यांची इच्छा नसते आणि तेवढी उसंतही त्यांना मिळालेली नसते. त्यामुळे अगदी सर्वसामान्य विधाने करणारी कविता त्यांच्या अंगावरून निघून जाते, आणि दुसऱ्या कोणाच्या घरचे तपशील घट्ट धरून असलेली कविता परकी वाटते. या दोन टोकांच्या मधली कविता शोधण्यासाठी पहिली कसोटी निवेदकाची लावावी लागते. निवेदक म्हणजे कवितेतला बोलणारा 'मी'. तो आणि कवी एकच असतील असे नाही.

निरोपाच्या कवितांत हा निवेदक ढोबळपणे तीन प्रकारचा आढळतो. पहिल्या प्रकारात जाणारा माणूसच बोलतो. तुकारामांच्या नावावरील निरोपाचे अभंग या प्रकारचे आहेत. त्यांत जाणारा शांतपणे सर्वांची रजा घेतो, मागे राहिलेल्यांकडे लोभ मागतो आणि आपण स्वगृही निघालो आहोत असे सांगतो. आयुष्यभर वारी केलेल्या माणसाच्या अंत्ययात्रेत हे अभंग म्हटले जातात, तेव्हा अभंगातला 'मी' आणि तिरडीवरचा माणूस यांच्यात अंतर उरत नाही, आणि म्हणूनच ते शोभतात. याच प्रकारात भा. रा. तांबे यांची, माणूस गेल्यावर जग क्षणभर हळहळून पुन्हा आपल्या कामाला लागते असे सांगणारी कविता येते. लता मंगेशकर यांच्या आवाजामुळे ती घरोघर पोहोचली आहे. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, असे माणसाने स्वतःविषयी म्हणणे हे विरक्तीचे लक्षण आहे. तेच इतरांनी त्याच्या फोटोसमोर म्हटले तर तो त्याच्या महत्त्वावर शेरा होऊन बसतो. सुरेश भट यांच्या एका गझलेचा मतला, म्हणजे आरंभीचा, दोन्ही ओळींत यमक साधणारा शेर, असाच वारंवार वापरला जातो. जगणे जाचक होते आणि मृत्यू हीच मोकळीक ठरली, असा त्याचा आशय आहे. एकाकी, उपेक्षित आयुष्य जगलेल्या माणसाच्या संदर्भात तो आशय धारदार आहे. पण ज्याची सेवा बायकोने आणि मुलांनी वर्षानुवर्षे केली, त्याच्या शोकसभेत तो वाचला गेला तर आरोपीच्या पिंजऱ्यात नेमके कोण उभे राहते, याचा विचार निवडणाऱ्याने आधी केलेला बरा.

दुसऱ्या प्रकारात मागे राहिलेला बोलतो. या प्रकारच्या काव्याला मराठी समीक्षेत विलापिका, म्हणजे कोणाच्या मृत्यूने झालेल्या शोकाचे दीर्घ काव्य, असे म्हणतात. मराठीतला तिचा फार जुना आणि फार मोठा नमुना म्हणून नामदेवांच्या नावावरील ज्ञानदेवांच्या समाधीचे अभंग दाखवता येतात. 1296 साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे हे वर्णन आहे, आणि त्याचे खरे बळ निवृत्तिनाथांच्या चित्रणात आहे. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही. आत्म्याच्या अमरत्वाविषयी त्यांना कोणी काही शिकवावे असे उरलेले नव्हते, तरीही ते कोलमडतात आणि अभंगकर्ता ते लपवत नाही. ज्ञान आणि रडणे एकाच माणसात नांदू शकतात, ही परवानगी हे अभंग देतात. 'आता रडू नका' असे सांगणाऱ्या दहा प्रवचनांपेक्षा ती अधिक आधार देऊ शकते. गोविंदाग्रजांनी, म्हणजे राम गणेश गडकरी यांनी, तान्हे मूल गेलेल्या आणि ते केवळ झोपले आहे असे धरून बसलेल्या आईची कविता लिहिली. ती करुण रसाचा उत्तम नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांतून शिकवली गेली. परंतु खरोखर मूल गमावलेल्या आईसमोर ती वाचणे हा निर्दयपणा होईल. थोर विलापिका आणि शोकसभेत वाचण्याजोगी कविता या एकच गोष्टी नव्हेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मागे राहिलेला जेव्हा मृतालाच उद्देशून बोलतो, तेव्हा कवितेला वेगळी जवळीक येते. असे बोलणे मराठी समाजाला नवे नाही. दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड मांडून कावळ्याची वाट पाहिली जाते. कावळा जवळ येऊन पुन्हा उडाला की जमलेल्यांपैकी कोणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्याने सांगतो, की धाकट्याच्या शिक्षणाचे आम्ही पाहू, आईला अंतर देणार नाही, काळजी करू नका. तरीही कावळा शिवला नाही, तर अखेर दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला जातो. या क्षणी बोललेली वाक्ये कोणी काव्य मानत नाही, पण मृताशी शेवटचा हिशेब प्रेमाने पुरा करण्याची जी गरज त्यांत व्यक्त होते, तीच गरज 'तू' किंवा 'तुम्ही' असे संबोधन असलेली कविता भागवते. ग्रामीण स्त्रिया हेल काढून रडतात, तेव्हाही मृताचे गुण, त्याच्या खोडी आणि अर्धवट राहिलेली कामे त्यालाच ऐकवली जातात. ज्या घरात काही बोलायचे राहून गेले आहे, तिथे संबोधनाची कविता शोधावी.

तिसऱ्या प्रकारात निवेदक दुःखाच्या बाहेर उभा राहून सर्वांसाठी बोलतो. रामदासांच्या 205 मनाच्या श्लोकांत मृत्यूची आठवण देणारे श्लोक आहेत. भुजंगप्रयात वृत्ताच्या ठाम चालीमुळे ते सामूहिक पठणाला सोयीचे पडतात. त्यांचा स्वर उपदेशाचा आहे, आणि उपदेश हा दुःखात असलेल्याने स्वतःला केला तर पचतो, दुसऱ्याने केला तर टोचतो. या दृष्टीने गीतरामायणातले, माणसाची पराधीनता सांगणारे गीत लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ग. दि. माडगूळकर यांची 56 गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेला हा कार्यक्रम 1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झाला, आणि त्यातले हे गीत आजही श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत हमखास गायले जाते. ते तत्त्वज्ञानाचे गीत म्हणून ओळखले जात असले, तरी त्याचा प्रसंग पाहण्याजोगा आहे: चित्रकूटावर आलेल्या भरताला राम समजावत आहे, दोघांचेही वडील नुकतेच गेले आहेत, आणि त्या मृत्यूला आपली आई कारणीभूत झाली या अपराधाने भरत पोळला आहे. सांत्वन करणारा स्वतःच पितृशोकात आहे आणि त्याचे पहिले काम धाकट्या भावाच्या मनातला दोष काढून टाकणे हे आहे. सागरात एकत्र आलेल्या आणि पुन्हा दुरावलेल्या ओंडक्यांची जी प्रतिमा पुढे येते, ती वाल्मीकी रामायणात आणि महाभारतातही आहे. पण इथे तिला वजन येते ते या भावाभावांच्या नात्यामुळे. म्हणून वडील गेल्यावर ज्या भावंडांत उपचारांच्या निर्णयावरून एकमेकांवर बोट ठेवले जात आहे, तिथे हे गीत केवळ प्रथा म्हणून न राहता कामाला येते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात या संदर्भात उपयोगी पडणारा एक भेद आहे. करुण रस निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा नसलेला. विप्रलंभ शृंगार, म्हणजे प्रेमिकांच्या ताटातुटीचा रस, सापेक्ष, म्हणजे ती आशा धरून असलेला, असे तिथे सांगितले आहे. मराठी भावगीतांत विरहाची गीते विपुल आहेत आणि त्यांतली अनेक शोकप्रसंगी गायली जातात. परंतु त्यांच्या गाभ्याशी वाट पाहणे असते. श्रोत्यांपैकी जे परलोकातील भेटीवर श्रद्धा ठेवतात त्यांना ते दिलासा देते, आणि जे ठेवत नाहीत त्यांना ती फसवणूक वाटते. कालिदासाने रघुवंशाच्या आठव्या सर्गात पत्नी इंदुमती गेल्यावर अज राजाचा विलाप लिहिला आहे. वसिष्ठांचा उपदेश पोहोचतो, पण अजाच्या शोकभरल्या मनात त्याला जागा मिळत नाही, आणि केवळ मुलगा लहान आहे म्हणून तो आठ वर्षे कशीबशी काढतो. सांत्वन अपुरे पडते हे मान्य करणारे असे काव्यही सांत्वनाच्या परंपरेतच बसते.

कविता तिच्या संदर्भातून उचलली की तिचा अर्थ पालटतो, हेही निवडणाऱ्याला ठाऊक असावे लागते. स्वतःचे मरण स्वतः पाहिल्याचा अनुभव सांगणारा तुकारामांचा अभंग देहाच्या मृत्यूविषयी नाही. अहंकार गळून पडल्यावरच्या आनंदाचा तो उद्गार आहे. तो मृताच्या फोटोखाली छापला जातो तेव्हा त्याचा आध्यात्मिक अर्थ झाकला जातो. इंग्लंडमध्ये अशी दोन बोलकी उदाहरणे घडली. मृत्यू म्हणजे काहीच नव्हे, जाणारा फक्त शेजारच्या खोलीत गेला आहे, अशा आशयाचा जो मजकूर तिथल्या अंत्यविधीत कविता म्हणून वाचला जातो, तो मुळात हेन्री स्कॉट हॉलंड या धर्मोपदेशकाने सातवा एडवर्ड राजा वारल्यानंतर 1910 साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये केलेल्या प्रवचनाचा एक तुकडा आहे. त्याच प्रवचनात मृत्यूचे भयही तितक्याच ठामपणे मांडलेले होते, ते वगळले गेले. डब्ल्यू. एच. ऑडन यांची शोककविता 1936 सालच्या एका नाटकात उपहासासाठी लिहिली गेली, पुढे कवीने तिचे रूप बदलले, आणि 1994 सालच्या 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' या चित्रपटात ती गंभीर शोकाची कविता म्हणून वाचली गेल्यावर ती अंत्यविधींत सर्रास ऐकू येऊ लागली. उपयोगाने अर्थ बदलणे हे कवितेचे भाग्यही असते. मात्र जो ती निवडतो त्याने हा बदल जाणून केलेला असावा.

वेळेचा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे. स्मशानात श्रोते उभे असतात, धूर असतो, पुढच्या अंत्यविधीची माणसे बाहेर थांबलेली असतात; तिथे सर्वांना पाठ असलेला अभंग किंवा नामघोषच चालतो, नवी कविता ऐकण्याची शक्ती कोणात नसते. दहाव्या-तेराव्यापर्यंत आप्तांची वर्दळ असते आणि माणसे मृताविषयी बोलण्यास आसुसलेली असतात. त्या दिवसांत व्यक्तीचे गुण, तिची कामे आणि तिच्या आवडी यांना जागा देणारी कविता योग्य ठरते. वर्षश्राद्धाला किंवा स्मृतिदिनाला शोक निवळलेला असतो, आणि तिथे शांत रसाची, म्हणजे मनाच्या शमातून उगवणारी, मृत्यूकडे थोड्या दुरून पाहणारी कविता अधिक बोलते. हाच क्रम उलटा केला, तर पहिल्या दिवशीची तत्त्वचर्चा कोरडी वाटते आणि वर्षानंतरचा आक्रोश उसना.

गेलेल्या माणसाचे वय आणि त्याच्या मृत्यूची रीत यांनुसारही प्रतिमा तपासाव्या लागतात. ऋग्वेदातील मृत्युंजय मंत्रात पिकलेले फळ देठापासून सुटावे तशी मुक्ती मागितलेली आहे. नव्वदी गाठलेल्या आजीला ती प्रतिमा शोभते, अपघातात गेलेल्या तरुणाला नाही. आत्महत्येनंतर सुटकेची भाषा करणारी कविता तर टाळलीच पाहिजे, कारण ऐकणाऱ्यांत त्याच काठावर उभा असलेला कोणी असू शकतो. जात्यावरच्या ओव्यांत अहेव मरणाची, म्हणजे नवऱ्याच्या आधी, सौभाग्य लेऊन आलेल्या मृत्यूची थोरवी गायलेली आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्यांमुळे स्त्रियांनी स्वतः रचलेल्या या शोककाव्याचा विस्तार कळतो. तरीही अहेव मरणाची ओवी आजच्या सभेत वाचली, तर समोर बसलेल्या विधवांना ती काय सुनावते, हा प्रश्न उरतो. याच्या उलट बहिणाबाई चौधरी यांची वाट आहे. 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांत वैधव्याचे भांडवल न करता, श्वासाच्या येण्याजाण्याइतक्या साध्या भाषेत जन्ममरणाचा विचार येतो, आणि तो शेतात राबलेल्या कोणत्याही घराला आपला वाटतो.

परंपरांचे वेगळेपण राखणे हाही निवडीचाच भाग आहे. 1956 सालच्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत त्रिशरण, पंचशील आणि अनित्यतेचे स्मरण देणाऱ्या पाली गाथा यांना अंत्यविधीत स्थान मिळाले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ केलेल्या कुशल कर्माच्या पुण्यात सर्वांना सहभागी करून घेण्याच्या कार्यक्रमात त्यांच्या जोडीला भीमगीतेही म्हटली जातात. अशा ठिकाणी आत्म्याच्या अमरत्वाची कविता कितीही सुंदर असली तरी ती त्या घराच्या विचारालाच छेद देते. मराठी ख्रिस्ती मंडळींपाशी 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाच्या रूपाने नारायण वामन टिळक यांच्यासारख्या कवींची भजने हाताशी आहेत. 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना संस्कार करण्याचा पायंडा पाडला, आणि आज देहदान केलेल्या किंवा कोणतेही विधी नको असे सांगून गेलेल्या माणसाच्या घरी मंत्रांची जागा बहुधा शोकसभाच घेते. तिथे कवितेवर अधिक भार असतो. परदेशातील मराठी कुटुंबांना दहनगृहात ठरावीक वेळच मिळतो आणि नातवंडांना मराठी पुरते उमगत नाही. त्यांनी लहान कविता मराठीत वाचून तिचा आशय दोन वाक्यांत सांगणे हे लांब अनुवादापेक्षा परिणामकारक ठरते. विधींत ज्यांना अधिकार नाकारला जातो, त्या मुली, सुना आणि मित्र यांना कवितेच्या वाचनात मात्र कोणाची परवानगी लागत नाही, ही तिची सामाजिक बाजूही नोंदवण्याजोगी आहे.

वाचनाविषयी थोडे. दोन-तीन मिनिटांत संपणारी कविता सभेला झेपते. मोठ्या कवितेतील अंश घ्यायचा झाल्यास तो सलग घ्यावा, कडवी गाळून जोडू नयेत आणि शब्द बदलू नयेत. वाचणाऱ्याचा आवाज फुटण्याची शक्यता धरून मोठ्या अक्षरांतली दुसरी प्रत शेजारच्याच्या हाती असावी. कवीचे नाव खात्री करूनच घ्यावे, कारण पु. ल. देशपांडे, व. पु. काळे आणि कुसुमाग्रज यांच्या नावावर त्यांनी न लिहिलेला पुष्कळ मजकूर फिरत असतो, आणि अशी चूक नेमकी त्या सभेतल्या वाचनप्रिय माणसाच्या लक्षात येते. निवड अडली, तर गेलेल्या माणसाच्या वहीत, फडताळात किंवा ओठांवर कोणत्या ओळी होत्या ते घरात विचारावे. त्या दर्जाने साधारण असल्या तरी त्या सभेपुरते त्यांचे स्थान अभिजात काव्याच्या वर असते.

कविता शोक संपवत नाही आणि तसे आश्वासन तिने देऊही नये. निरोपाच्या वेळी माणसे जे बोलू पाहतात, ते खोटे न करता आणि मोठे न करता सर्वांसमोर उच्चारण्याची सोय तिने करून दिली, तर तिचे काम झाले. हे काम कोणती कविता करील, याचा निर्णय समीक्षक देऊ शकत नाही, संपादकही नाही. निवडताना कोणते प्रश्न विचारावेत एवढेच पुस्तक सुचवू शकते. त्या प्रश्नांची उत्तरे गेलेल्या माणसाला जवळून ओळखणाऱ्यांपाशीच असतात, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच असला पाहिजे.